खरखरीचा आळ चिपवर कशाला?

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींत एक संदेश सारखा फिरतो : "घरी बनवलेल्या रेडिओत मायक्रोकंट्रोलर घातला की रिसिव्हरमध्ये खरखर आलीच. त्यापेक्षा आपला कॉइल-कपॅसिटरचा व्हीएफओ बरा. आणि दुसऱ्याचा कोड चढवलेला सेट स्वतः बनवलेला कसा?"

मायक्रोकंट्रोलर म्हणजे कोड चालवणारी छोटी चिप, आणि व्हीएफओ म्हणजे सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग. आधी खरखर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या साध्या आर्डुइनो नॅनोचं, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या छोट्या बोर्डाचं, घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं. त्याच्या पटीत ३२, ४८, ६४ असे सिग्नल निघतात. आपला ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२, २० मीटरचा १४.० ते १४.३५ मेगाहर्ट्झ. यांत त्यातला एकही पडत नाही. २ मीटरवर मात्र तक्रार खरी आहे : सोळा नवे १४४, थेट बँडच्या उंबरठ्यावर.

मग माझ्या ४० मीटरच्या सेटमध्ये टिकटिक का यायची? अँटेना काढली तरी ती होतीच, म्हणजे दोष सेटमधलाच. कोड उघडला तर फ्रिक्वेन्सी बदलो न बदलो, डिस्प्लेवर तेच आकडे पुन्हा पुन्हा लिहिले जात होते. आकडा बदलला तरच लिही, एवढी अट घातली आणि टिकटिक बंद. उरलेली घरघर वीज पुरवणाऱ्या स्वस्तातल्या स्विचिंग मॉड्यूलची निघाली; तिथे ७८०५ हा साधा व्होल्टेज रेग्युलेटर बसवला, डिस्प्लेच्या वायरी आखूड केल्या. चिपला हातही लावला नाही. अँटेना परत जोडल्यावर येते ती खरखर शेजारपाजारच्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरची. तिला मुंबईत इलाज नाही, निदान मला तरी सापडलेला नाही.

कॉइलच्या व्हीएफओचं कौतुक मलाही आहे, पण मे महिन्यात पंखा लावला की माझं स्टेशन सरकायचं. त्याच्या जागी बसणारी एसआय ५३५१ ही फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप क्रिस्टलवर चालते, जागची हलत नाही, आणि फ्रिक्वेन्सी बदलायची असेल तेव्हाच नॅनोशी बोलते. तिच्यातून चौकोनी लहर निघते, म्हणून ट्रान्समीटरला वरच्या नको असलेल्या फ्रिक्वेन्सी अडवणारा चांगला लो-पास फिल्टर हवाच. तो टाळणाऱ्याला खुशाल बोला.

राहिला कोड. हैदराबादच्या अश्हर फरहान यांचा बिटेक्स हा घरी बनवायचा सेट सुरुवातीला कॉइलच्या व्हीएफओवरच चालायचा. पुढे मायक्रोबिटेक्समध्ये त्यांनीच नॅनो आणि एसआय ५३५१ घातली. तो बिटेक्स आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्यांचंच सर्किट समोर ठेवून, कॉइलचे वेढेसुद्धा त्यांनी सांगितले तेवढेच मोजून उभा केला. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, सेट कोणाचा म्हणून.