गोड बोला, रेंज मागू नका

पुणेरी दुकानदाराच्या तुसडेपणावर उभा महाराष्ट्र हसतो. हसा खुशाल. पण तोंडावर 'नाही' ऐकायला मिळणं हे केवढं सुख आहे, ते मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावल्याशिवाय कळायचं नाही. तिथे 'नाही' कुणी म्हणतच नाही. सगळे मेले गोडच बोलतात.

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरातली रेंज गेल्या पावसाळ्यात गेली ती गेलीच. फोन वाजतो, 'हॅलो' ऐकू येतं, पुढे नुसती खरखर. उरलीसुरली रेंज गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी आहे, तीही टाकीला पाठ टेकून पर्वतीकडे तोंड केलं तर. नाशिकहून मावशीचा फोन आला की आई धापा टाकत जिना चढते आणि ओरडते, "अगं, मी वर चाललेय!" आणि तेवढ्यात फोन कट होतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मावशी रडत रडत बसस्टँडवर पोचली होती.

तक्रारीचा नंबर १९८. तो फुकट आहे, आणि त्या भावात जे मिळायचं तेच मिळतं. आधी कॉलर ट्यून घ्यायचा आग्रह, मग भाषा निवडा (मराठीचं बटण दाबलं की पलीकडून हिंदी येतं, ते धरूनच चालायचं), मग 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे', मग बासरी. हे सगळं भर दुपारी गच्चीवर उभं राहून. पुण्यात, एक ते चार!

शेवटी एक मुलगा बोलला. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही, समोर आलेलं वाचायचं एवढीच त्याची नोकरी. "सर, असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत. एकदा फोन बंद करून चालू करा."

केला. साहजिकच त्याचाही कॉल कट झाला. परत बासरी.

पुढे अलका चौकात सिग्नलला उभा असताना मेसेज आला: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे.' त्याला चिकटूनच दुसरा: 'आमच्या सेवेला १० पैकी किती गुण द्याल?' ही म्हणाली, "अहो, शून्य द्या." शून्याची सोयच नव्हती. एकपासून सुरुवात.

याच्यावर अपील करता येतं. अपील ऐकणारं प्राधिकरण कंपनीचंच, आणि निकालाची मुदत नियमाप्रमाणे ३९ दिवस. ३९ कुठल्या पंचांगातून काढले कोण जाणे. कंपनीचा स्वतःचा महिना मात्र २८ दिवसांचा. तिच्याकडे बारा महिने फेब्रुवारी, म्हणून आपल्याला वर्षाला १३ रिचार्ज. २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवायला लावला. तो ॲपमध्ये शोधून दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे अर्धा किलो बाकरवडी.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. मी १९०० वर मेसेज टाकला. आठ अक्षरी कोड आला, मुदत चार दिवस. आणि इतके दिवस माझ्याशी फक्त बासरीतून बोलणाऱ्या कंपनीला एकाएकी माझा पुळका आला. सकाळी फोन, वामकुक्षीत फोन, आरतीच्या वेळी फोन. डेटा जादा देतो, पैसे कमी करतो, तुम्ही आमचे खास ग्राहक. हे खासपण सोडून जाताना कळतं.

काल त्यांचा फोन आला तो मी धावत वर जाऊन घेतला.

"सर, आपण आम्हाला का सोडताय?"

"घरात रेंज नाही."

"पण सर, आपला आवाज तर अगदी स्पष्ट येतोय."

"मी गच्चीवर आहे. टाकीपाशी."

पलीकडे थोडा वेळ टकटक चालली. मग बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, "ठीक आहे सर. म्हणजे टाकीपाशी रेंज उत्तम आहे, अशी नोंद करून तक्रार बंद करू?"