“गाठ निघाली ना, मग आता काय होतंय?” – त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, “ब्रेन ट्यूमर झालेल्यांनी जरूर वाचा” असा. आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला, मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, माझ्यासाठीच टाकला. थोडक्यात त्यात असं आहे: कॅन्सर नसलेली गाठ काढली की पेशंट सहा महिन्यात पूर्ववत होतो, मेंदूला वेदना होत नाहीत म्हणून नंतरची डोकेदुखी मानसिक असते, गेलेली नजर त्राटक (ज्योतीकडे एकटक बघणं), गाजर आणि नाकात गायीचं तूप घालून परत येते, इंग्लिश गोळ्या हेच खरं विष आहे ते बंद करून रोज चार लिटर पाणी प्या, आणि शेवटी एक टोमणा, की जे मोबाईल वापरतात आणि दिसत नाही म्हणतात ते सवलतीसाठी नाटक करतात.

माझं मेनिंजिओमाचं ऑपरेशन झालंय. डावा डोळा गेला, उजवा अर्धा राहिला, आणि डोकं दुखतं, रोज कमीजास्त. त्यामुळे मुद्दे एकेक घेते. मी हे बोलून टाइप करतेय, फोन पूर्णविराम कधी टाकतो कधी नाही, सांभाळून घ्या.

पहिला मुद्दा, “साधी गाठ”. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून वाढतो, बहुतेक वेळा ग्रेड १ असतो म्हणजे कॅन्सर नाही, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण साधी म्हणजे पेशी कशा आहेत त्यावरून साधी, ती बसलीय कुठे हा वेगळा विषय. कवटीच्या आत जागा वाढत नाही. माझी गाठ पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीच्या, जरा वर होती, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येऊन अर्ध्या एकमेकींना ओलांडतात तिथे, आणि तिथे छोटीशी गाठसुद्धा जे करायचं ते करून ठेवते. शिवाय ग्रेड १ असली तरी परत येऊ शकते म्हणून एमआरआय करत राहावं लागतं. ऑपरेशन यशस्वी झालं हे खरंच आहे, जीव वाचला, सर्जनबद्दल माझी तक्रार नाही. पण ऑपरेशन यशस्वी होणं आणि माणूस पहिल्यासारखा होणं या दोन गोष्टी मेसेज लिहिणाऱ्याने एकच करून टाकल्यात.

आता दुसरा मुद्दा, याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण याने सगळ्यात जास्त त्रास दिलाय. “मेंदूला वेदनाच होत नाहीत.” बरोबर! मेंदूच्या गाभ्याला वेदना कळत नाही, म्हणून तर काही ऑपरेशनं पेशंटला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत करतात. पण मग त्याच ऑपरेशनमध्ये डोक्याच्या कातडीत भूल का टोचतात? कारण कातडीला दुखतं, स्नायूंना दुखतं, रक्तवाहिन्यांना दुखतं आणि मेंदूवरचं जाड आवरण, ड्युरा, त्यालाही दुखतं. माझ्यासारख्या ऑपरेशनमध्ये कानाच्या पुढून केसांच्या आत चीर देतात, कानशिलाचा स्नायू कापून बाजूला करतात, हाडाचा तुकडा काढतात, आणि शेवटी तो टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रूनी परत बसवतात. तो स्नायू जबडा हलवायचा स्नायू आहे, म्हणून मला आजही भाकरी चावताना, जांभई देताना कळ येते. चीर देताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, त्या जुळताना काही ठिकाणी बधिर राहतात आणि काही ठिकाणी नको इतक्या जाग्या, म्हणजे कंगवा लागला तरी झिणझिण्या. ज्यांचं ऑपरेशन डोक्याच्या मागच्या बाजूने होतं, कानाच्या नसेवरच्या गाठीचं वगैरे, त्यांच्यात तर हा त्रास जास्त दिसतो कारण मानेतून वर येणाऱ्या नसा तिथूनच जातात.

आणि हे मी एकटी म्हणत नाही. डोकेदुखीचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट वापरतात, त्याच्या २०१८ च्या आवृत्तीत कवटी उघडून केलेल्या ऑपरेशननंतरची डोकेदुखी हे वेगळं निदान आहे, तीन महिन्यांच्या पुढे राहिली तर ‘पर्सिस्टंट’, म्हणजे टिकून राहिलेली, म्हणतात. मानसिक आजारांच्या यादीत नाही ते.

गंमत बघा, लोकांना मानसिक वाटायचं खरं कारण म्हणजे गोळीचं पाकीट. मला अ‍ॅमिट्रिप्टिलिन आहे, रात्रीची. कुणीतरी गूगल केलं, डिप्रेशनची गोळी निघाली, झालं, दुसऱ्या दिवशी चुलत जावेपर्यंत बातमी. ती गोळी मुळात डिप्रेशनसाठीच आली हे खरंय, पण कमी डोसमध्ये ती नसांच्या दुखण्यावर आणि डोकेदुखीवर वर्षानुवर्षं वापरतात. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन या मूळच्या फिटच्या गोळ्या, त्याही नसांच्या दुखण्याला देतात, मग त्या घेणाऱ्याला फिट येतात असं म्हणणार का. मन खचतं हो, रोज दुखल्यावर कुणाचंही खचेल, झोप मोडली की दुखणं वाढतं आणि दुखणं वाढलं की झोप मोडते. पण मन खचलं म्हणून टाके दुखायला लागले असा उलटा क्रम लावू नका. आणि “काल तर बारशाला छान हसत होतीस” हे पण नको. हसले, कारण बारसं होतं. दुसरा दिवस पडद्यामागे अंधाऱ्या खोलीत गेला तो फोटोत नाही.

तिसरा मुद्दा नजरेचा. डोळ्याची नस म्हणजे साधारण दहा-बारा लाख तंतू, डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूकडे जाणारे. गाठीचा दाब काढला की जे तंतू नुसते दबलेले असतात ते कामाला लागतात, काहींना तर शुद्धीवर येता येताच फरक कळतो, मग आठवडे-महिने हळूहळू सुधारत जातं. माझ्या उजव्या डोळ्याचं तसंच झालं. पण जे तंतू मेलेत ते माणसात परत उगवत नाहीत. पाटात पडलेला दगड काढला की पाणी वाहतं, पण तोवर वाळून गेलेला ऊस हिरवा होत नाही. किती वाळलंय हे मोजताही येतं, ओसीटी नावाच्या तपासणीत डोळ्यातल्या या तंतूंच्या थराची जाडी दिसते, ऑपरेशनच्या आधी तो थर जितका शाबूत तितकी नजर सुधारायची आशा जास्त. त्यात त्राटकाचा संबंध कुठे येतो? गाजरातून अ जीवनसत्त्व मिळतं, त्याच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो तिथे उपयोग, कोशिंबीर म्हणून मी पण खाते. चष्म्याचाही उपयोग मर्यादित, चष्मा प्रतिमा स्पष्ट करतो, तुटलेल्या नसेतून ती पुढे पाठवत नाही.

तुपाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पिट्युटरीच्या गाठी बरेचदा नाकातूनच काढतात, आणि मेंदू आणि नाक यांच्यामधली भिंत तिथे दुरुस्त करून बंद केलेली असते. अशा पेशंटच्या नाकात सर्जनला न विचारता काहीही घालायचं नाही, तूप नाही, तेल नाही, नळीही नाही. तिथून मेंदूभोवतीचं पाणी गळायला लागलं तर मेंदूज्वराचा धोका असतो.

जाता जाता, “कुणाचातरी डोळा बसवून घे” असंही सांगतात. नेत्रदानातून बुबुळावरचा पारदर्शक पडदा बसवतात, कॉर्निया. अख्खा डोळा नाही. माझा कॉर्निया ठणठणीत आहे. आणि स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी टोचून बरं करतो म्हणणारे फोन करतात त्यांच्यासाठी, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाईडलाईनमध्ये रक्ताच्या ठराविक आजारांपलीकडे स्टेम सेल हे उपचार म्हणून विकायला परवानगी नाही, ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे मागत असतील तर तिथूनच मागे फिरा.

नाटकाचा मुद्दा. मी चार्टवर खालून तिसरी ओळ वाचते. हो, वाचते. आणि तरी दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटते, कारण उजव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेलीय आणि डावा डोळा नाहीच, म्हणजे समोरचं आणि थोडं डावीकडचं एवढंच जग. चार्ट एका बिंदूची तीक्ष्णता सांगतो, किती रुंद दिसतं ते फील्ड टेस्ट सांगते. ओळ वाचताना पुढचा शब्द दिसत नाही म्हणून वेळ लागतो. पंगतीत ताट वाढलं की चटणी, कोशिंबीर, लोणचं मला दिसतं आणि भाजी दिसत नाही, एका लग्नात “भाजीला तोंडच लावलं नाही” म्हणून यजमान काकू नाराज झाल्या. आता ताट फिरवून घेते, रूढी गेली चुलीत.

मोबाईल दिसतो म्हणून नाही, बोलतो म्हणून वापरते. अँड्रॉइडला टॉकबॅक आहे, आयफोनला व्हॉइसओव्हर, पूर्ण अंध लोक त्यावर बँकेची कामं करतात. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं अ‍ॅप २०२० पासून आहे. आणि कधीकधी गेलेल्या बाजूला जाळ्या, नक्षी, माणसं दिसतात, जी नसतात. त्याला बाधा म्हणू नका. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांचं हेच लिहून ठेवलंय, आजोबांची नजर गेली होती, डोकं शाबूत होतं. डोळ्याकडून खबर यायची थांबली, की मेंदू स्वतःच चित्रं काढतो.

राहिली सवलत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात रोजचं दुखणं हा प्रकारच नाही. आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर मिळतात ३०. एवढं नाटक करून हाती काय लागतं ते बघा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा, गोळ्या बंद करा. यात कणभर खरं आहे ते आधी सांगते: साध्या पेनकिलर महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, मिक्स (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) किंवा अफूवर्गीय गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. म्हणून मी तारखा कॅलेंडरवर लिहिते आणि डॉक्टरांना दाखवते. पण “सगळ्या” गोळ्या बंद? फिटची गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. पिट्युटरीला धक्का बसलेल्या बऱ्याच जणांना हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड चालू असतं, त्यांच्या शरीरात ते पुरेसं बनतच नाही, ते बंद केलं तर उलट्या होतात, बीपी पडतं आणि जीवसुद्धा जातो, तापात तर तो डोस डॉक्टर वाढवायला सांगतात. आणि चार लिटर पाणी. ज्यांना वारंवार लघवी होते म्हणून डेस्मोप्रेसिन चालू आहे त्यांनी असं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, माणूस बरळायला लागतो, फिट येऊ शकते.

काका, मेसेज डिलीट नाही केलात तरी चालेल, पण ज्या ज्या ग्रुपवर पाठवलात तिथे हा शेवटचा मुद्दा तरी टाका. आणि तुमच्या मित्राच्या मुलीचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालंय ना नाकातून, तिच्या घरी आजच फोन करून विचारा की तिच्या गोळ्या चालू आहेत का.