मीठ घातलंस काय गो?

रविवारचं मटण बिघडतं ते चुलीवर नाही, त्याआधीच्या अर्ध्या तासात. आमच्या कोकणात मटण धुऊन ठेवलं की टोपाजवळून जाणारा प्रत्येक जण विचारतो, "मीठ घातलंस काय गो?" आणि उत्तर यायच्या आत आपली चिमूट टाकून मोकळा होतो. माझा या चिमटीवर काडीचा विश्वास नाही. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटून त्याचं ढेकूळ झालेलं असतं. चिमटीत मीठ किती आणि पाणी किती, रवळनाथालाच ठाऊक! किलोभर मटणाला बारीक मीठ १०-१२ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. शिरोड्याच्या मिठागराचं जाडं मीठ असेल तर चमचा ठेवा बाजूला, वजनकाटा काढा. खड्यांच्या मधे हवाच जास्त मावते.

आता वेळ. मीठ लागल्यावर मटण आधी रडतं. १५-२० मिनिटांत टोपात तळं साचतं. "मिठानं मटण सुकतं" म्हणणारे काका नेमके तेव्हाच डोकावतात. तासाभरानं आले तर त्यांची पंचाईत, कारण तेच खारं पाणी बरंचसं परत आत मुरलेलं असतं. शिवाय मिठानं मांसातली प्रथिनं सैल झाल्यामुळे शिजतानाही रस टिकतो. तेव्हा एक तर तासभर आधी लावा (फ्रिजमध्ये ठेवून, आपल्याकडची हवा माहीत आहे), नाहीतर थेट कढईत टाकताना. मधल्या वेळेत सुकं करायला घेतलंत तर अंगावरचं पाणी आटेपर्यंत मटण परतलं जातच नाही, नुसतं उकडतं. रंग ओल्या पाटीसारखा. रश्शाला मात्र सगळं माफ; सुटलेलं पाणी त्यातच जातं.

सुरमईच्या तुकड्यांना १५ मिनिटं पुरे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावणार असाल तर हात राखून, आगळात मीठ असतंच. तिसऱ्या (शिंपल्या) तर समुद्र पोटात घेऊनच येतात. चव बघितल्याशिवाय मिठाला हात लावू नका.

आणि खारट झालंच, तर बटाटा टाकू नका. तो खारा रस्सा पितो, त्यातलं मीठ निवडून घेत नाही. रस्सा होता तितकाच खारट, वर बटाटाही. वाटप (वाटलेला मसाला) वाढवा, नारळाचा रस घाला. या वाढीव रश्शात मीठ घालायचं नाही, हे मात्र ओरडून सांगा. दारात कोणीतरी चिमूट घेऊन उभं असतंच.