जुना डेटा बिनबोभाट कसा घालवावा

डिस्क 90 टक्के भरली की घाबरायचं नाही. टाइमस्केलडीबी आहे ना, वेळेनुसार येणाऱ्या नोंदी साठवणारा डेटाबेस! कच्च्या नोंदी 30 दिवस ठेवायच्या, तासातासाचा सारांश कायमचा ठेवायचा आणि निवांत घरी जायचं. आमच्याकडेही असेच निवांत गेले होते सगळे.

ग्राहक बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज चालवणारा. 40 सेन्सर, दर 10 सेकंदांना एक तापमान. दिवसाला 3,45,600 ओळी. तासाच्या सारांशात त्याच 960 होतात. एवढा फरक दिसल्यावर हात आवरतो कुणाचा?

तेव्हा पहिलं म्हणजे, जुन्या ओळी डिलीट मारूनच काढा. अख्खा चंक, म्हणजे ठरावीक काळातल्या ओळींचा गठ्ठा, ड्रॉप केला तर जागा लगेच मोकळी होते. मग व्हॅक्यूमकडे, म्हणजे डिलीट झालेल्या ओळींच्या साफसफाईकडे, डोळे लावून रात्र जागवायची मजा कशी मिळणार?

दिवसाची सरासरी काढताना तासांच्या सरासरींचीच सरासरी घ्या. एखाद्या तासात सेन्सर रुसला आणि 360 ऐवजी 12 च नोंदी आल्या, तर त्यांनाही त्याच पंगतीत बसवा. बेरीज आणि संख्या वेगळी साठवणारे लोक उगाच शिष्ट असतात.

बॅकअपही 30 दिवसांचेच ठेवा. शिस्त म्हणजे शिस्त.

आता खरी कला. कच्चा डेटा 30 दिवसांनी उडवायचा, पण सारांश आपोआप ताजा करणाऱ्या रिफ्रेशला मात्र मागचे 90 दिवस तपासायला लावायचं. स्टार्ट ऑफसेट 90 दिवस. का? कुठल्यातरी उदाहरणात होतं म्हणून! रोजकीर्द जाळून टाकायची आणि कारकुनाला सांगायचं, दर तासाला कीर्द बघून खतावणी ताजी कर. तो बिचारा इमानदार. मार्चची पानं बदललेली दिसतात, म्हणून कीर्द उघडतो, तिथे राख. म्हणजे मार्चमध्ये काही घडलंच नाही! खतावणीतूनही मार्च पुसून टाकतो. एरर नाही, लाल दिवा नाही, लॉगमध्ये जॉब यशस्वी. टेस्टिंगला तीन दिवसांचा डेटा, त्यात हे दिसणार कसं? आणि डॅशबोर्ड उघडला की शेवटचे 24 तास. मागे सरकून बघायला वेळ कुणाला आहे? जुलैत ग्राहकाने विम्याच्या दाव्यासाठी मार्चचं तापमान मागितलं, तेव्हा आम्ही पहिल्यांदा मागे सरकलो. सपाट, कोरं. वर मीटिंगमध्ये विचारणा, "पण सारांश तर कायमचा होता ना?"

कायमचा कसला डोंबलाचा! अरे, दोनच आकडे जुळवायचे होते. रिफ्रेश जितके दिवस मागे जातो, त्याहून जास्त दिवस कच्चा डेटा जिवंत ठेवायचा. 30 ठेवायचे असतील तर ऑफसेट 7 दिवस करा, 10 करा. उशिरा येणाऱ्या नोंदी त्याच्या आत येतात की नाही एवढं पाहा. डॉक्युमेंटेशनमध्ये याचा इशारा दिलेला आहे, वाचायला पाच मिनिटं लागतात. आपोआप उडवायच्या-ताजं करायच्या पॉलिसी लावायच्या आधी एकाच चंकवर, हाताने, ड्रॉप करून रिफ्रेश चालवून बघायला काय हात मोडले होते? कॉपी-पेस्ट करताना आकड्यांकडे बघत जा जरा!

रिव्ह्यू मीच केला होता, हेही सांगून टाकतो. "छान दिसतंय" असं लिहिलं होतं खाली, अंगठ्यासकट. सोमवारी त्या कोल्ड स्टोरेजवाल्याला फोन मीच करायचाय.