आमच्या पुस्तकांना तंबाखूचा वास होता

नमस्कार.

घरातल्या जुन्या पुस्तकांवर मी गेल्या महिन्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. खाली सही नुसती ‘एक वाचक, जुळे सोलापूर’, म्हणून मीही नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पुस्तकाचा वास, पिवळी पानं, दुमडलेले कोपरे यांचे गोडवे गाणं हा कपाटं असलेल्या घरांचा चाळा आहे. पुस्तक म्हणजे मजकूर; तो आता मोबाइलवर मिळतो, बऱ्याचदा फुकट मिळतो, जुनी मासिकंसुद्धा स्कॅन होऊन आली आहेत; मग छापील प्रतीत असं जास्तीचं काय असतं? तुमचे वडील मिलमध्ये मागावर होते, घरात छापील म्हणाल तर रेशनकार्ड आणि पंचांग, ‘तेव्हा हे प्रेम आमच्या वाट्याला कुठून येणार?’ आणि शेवटी, ‘तुमच्या मागं हे सगळं रद्दीतच जाणार आहे, मॅडम.’

मोबाइलबद्दल भांडण नाहीच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मी निम्म्याहून जास्त वाचन त्याच्यावरच करते. अक्षर बोटानं मोठं होतं, रात्री दिवा लावावा लागत नाही, हाताला ओझं नाही. चहाच्या कपाशेजारी पुस्तक ठेवून, वर एक सोनचाफ्याचं फूल टाकून फोटो काढणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. तेव्हा कागद श्रेष्ठ की पडदा, या वादात मला ओढू नका. मी लिहिलं होतं ते मजकुराबद्दल नव्हतं, प्रतीबद्दल होतं. मजकूर सगळ्यांचा असतो; प्रत कुणाच्या तरी हातातून गेलेली असते.

आता वासाचं. तुम्ही वास या शब्दावर फार चिडलात. पण कुठला वास, ते विचारलं नाहीत. आम्ही सोलापूरच्या साखर पेठेत दोन खोल्यांत राहायचो. भिंतीपलीकडे एक तेलुगू कुटुंब. तिथल्या अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. पूर्व भागात कुठल्याही बोळात शिरलात तरी हेच दिसायचं, आजही दिसतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गातली. संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचायचो आणि अक्का हात न थांबवता ऐकायच्या. हजाराचा हिशोब पुरा करायचा असायचा, मान वर करायलाही वेळ नसायचा. गोष्ट रंगात आली आणि आम्ही पान उलटायला रेंगाळलो की म्हणायच्या, “अगं, फुडं काय झालं ते सांग की. मी काय रातभर बसू का?” त्या सुपातला तंबाखूचा चुरा आमच्या पुस्तकांच्या शिवणीत जाऊन बसला. एक खंड अजून माझ्याकडे आहे. उघडला की शिंक येते. याला कुणी गोडवा म्हणणार असेल तर म्हणो बापडा.

तो खंड ‘चांदोबा’चा आहे. मद्रासहून हे मासिक १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं आणि १९५२ पासून मराठीत येऊ लागलं. चित्रं तीच, लिपी वेगळी. बाकी महाराष्ट्रात मुलांना हे कळायचं कारण नव्हतं. सोलापुरात मात्र एकाच बोळात शेजारच्या घरी ‘चंदमामा’ आणि आमच्याकडे ‘चांदोबा’. आम्ही दोन्ही अंक जमिनीवर शेजारी शेजारी मांडायचो. खांद्यावर प्रेत टाकून निघालेला विक्रम दोन्हीकडे सारखाच चालला आहे, तलवार सारखीच, झाडं सारखीच, खाली एकीकडे माझी अक्षरं, दुसरीकडे तिची गोल गोल. तेलुगूची जी काय चार अक्षरं मला येतात ती तिथं आली. तिचं मराठी वाचन माझ्यापेक्षा चांगलं होतं, हेही सांगते. शाळेत पहिला नंबर तिचा असायचा. सातवीनंतर तिला सूप मिळालं, मला आठवीचं दप्तर.

हे अंक आता स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत, असं तुम्ही म्हणता. आहेत, मी पाहिलेत, एका दुपारी खूप वाचलेसुद्धा. पण स्कॅन केलेली प्रत दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची, स्वच्छ. माझ्या खंडात प्रत्येक उजव्या पानावरच्या ओळींची शेवटची एक-दोन अक्षरं गायब आहेत, कारण वडिलांनी बांधणी करताना कडा जरा जास्तच कापल्या. ते मिलच्या सायझिंग खात्यात होते. ताण्याचा धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ चढवतात, ते काम. खळीची जाण हातात मुरलेली, त्यामुळे घरी मैद्याची खळ शिजवून, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकून ते बोळातल्या सगळ्यांची फाटकी पुस्तकं शिवून द्यायचे. पाठीला मांजरपाटाची पट्टी. शिक्षण मराठी चौथी. माझे गणिताचे पुस्तक पाहून म्हणायचे, “हे मी शिवलो नसतो तर पोर नापास झाली असती.” कापलेल्या अक्षरांच्या जागी आम्ही मनानं अक्षरं घालायचो, आणि काही गोष्टी अजून मला आमच्या त्या चुकीच्या शेवटासकट पाठ आहेत. स्कॅनमध्ये बरोबर शेवट वाचला तेव्हा खरं सांगायचं तर जरा राग आला.

तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येते, कारण तो वजनदार आहे. पुस्तकाचं प्रेम म्हणजे कपाटवाल्यांचं प्रेम. मला वाटतं, नेमकं उलटं आहे. मी पुढे नोकरीच्या निमित्तानं कपाटवाली घरं पुष्कळ पाहिली. काचेआड ओळीनं संच लावलेले, सोनेरी अक्षरं, पानं एकमेकांना चिकटलेली, कारण ती कधी उलटलीच नाहीत. अशा पुस्तकांवर आठवणींना बसायला जागा नसते. डाग, टाचण, हिशोब, शाई, चुरा हे सगळं तिथं पडतं जिथं पुस्तक एक आणि वाचणारे दहा असतात. तुम्ही ज्या पिवळ्या पानांची थट्टा केलीत तीसुद्धा श्रीमंतीची खूण नाही. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन राहतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. कागदातलं आम्ल तंतू तोडतं आणि आपल्या मे महिन्यातला बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा त्याला आणखी हातभार लावतो. चिंध्यांपासून केलेल्या जुन्या हातकागदाच्या दोनशे वर्षांच्या पोथ्या आजही बऱ्यापैकी उजळ दिसतात. पान पिवळं म्हणजे पुस्तक स्वस्त होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मिल कामगाराच्या घरी पुस्तक येत नव्हतं, हे तरी सरसकट खरं आहे का? विकत येत नव्हतं. कामगार कल्याण केंद्र आठवतं का? १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यानं जो निधी उभा केला त्यातून ही केंद्रं चालायची. शिवणवर्ग, बालवाडी, कॅरम, आणि एका खोलीत पुस्तकं. या निधीत काय काय जमा व्हायचं ते मी पुढे वाचलं आणि हसावं की रडावं कळेना: कामगारांकडून वसूल केलेला दंड आणि कुणी न उचललेले पगार हेही त्यात. म्हणजे माझ्या हातात आलेल्या एखाद्या पुस्तकाची किंमत तुमच्या किंवा माझ्या वडिलांनीच भोंगा चुकवून भरलेली असू शकते. तेव्हा ती पुस्तकं आपली नव्हती असं कृपा करून म्हणू नका.

तिथल्या पुस्तकांची दशा काय वर्णावी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आमच्या केंद्रात त्यांतल्या ज्या होत्या त्यांची शेवटची पानं क्वचितच शाबूत असत. एकीच्या तर पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, ‘खून मॅनेजर करतो.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘आमचा पण.’ हे दोन वाचक कोण, कुठल्या खात्यातले, मला कधी कळणार नाही. पण त्या वर्षी मिलमध्ये काय चाललं होतं ते मला त्या पाच शब्दांनी जितकं सांगितलं, तितकं कुठल्या वर्तमानपत्रानं सांगितलं नाही. केंद्रानं पुढे जुनी पुस्तकं बाद करून वाटली तेव्हा तो गठ्ठा मी घरी आणला. लेखकानं लिहिलेली गोष्ट आता मला आठवतही नाही.

पंचांगाचा तुम्ही असा उल्लेख केलात, जणू ते पुस्तकच नव्हे! अहो, दाते पंचांग आपल्याच गावातून निघतं, शके १८३८ पासून, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली. पुण्या-मुंबईचे लोक ज्याच्यात बघून मुहूर्त काढतात ते सोलापुरात गणित मांडून तयार होतं. आणि आपल्या घरांत पंचांग नुसतं तिथी बघायला कधीच नव्हतं. आमच्याकडच्या एका जुन्या पंचांगात माझ्या भावाच्या जन्माची वेळ आहे, त्याच पानावर दुधाचा रतीब, खाली ‘मामाला उसने’ असं लिहून पुढचा आकडा खोडलेला. उसने परत आले की आईनं नाद सोडला, यावर घरात अजून दोन मतं आहेत. वर्ष संपल्यावर पंचांगाचा उपयोग संपतो, तरी लोक ते टाकत नाहीत, ते याचसाठी. तुमच्या घरी असेल तर समास बघा. वडिलांचं अक्षर सापडण्याची शक्यता तिथं सगळ्यात जास्त.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. श्रावणात ती सिद्धेश्वराच्या देवळातून आली की शिवलीलामृताची पोथी काढून माझ्यापुढे ठेवायची, ती नेमकी अकराव्या अध्यायावर उघडूनच. मला वर्षानुवर्षं हे नवल वाटायचं. तिला आकडा कळत नाही, तर अध्याय कसा सापडतो? एकदा विचारलं तर म्हणाली, “तेल सांडलंय की तिथं.” माझ्या आधी माझी आत्या वाचून दाखवायची, तिच्या हातून समईतलं तेल त्या पानावर सांडलं होतं. आत्या लग्न होऊन विजापूरकडे गेली, डाग राहिला, आणि आजीला तो वाचता येत होता. आता मोबाइलवर संपूर्ण शिवलीलामृत आहे, अकराव्यावर बोट ठेवलं की अकरावा उघडतो. फार सोयीचं आहे, मीही तसंच वाचते. पण तुम्ही मला विचारलंत की छापील प्रतीत असं जास्तीचं काय असतं, म्हणून सांगितलं.

शाळेच्या पुस्तकांबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हालाही ठाऊक असणार. जूनच्या आधी वरच्या वर्गातल्या पोराकडून निम्म्या किमतीत घ्यायची, ‘संचार’ वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, आतल्या पानावर आधीच्यांची नावं एकाखाली एक खोडलेली, शेवटी आपलं. माझ्या एका भूगोलात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारही घरांतली आडनावं होती. खोडायला मला जिवावर आलं होतं, पण रीत होती म्हणून खोडली.

आता रद्दी. हो, जाणार. माझी मुलगी बंगळूरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते, तिनं मला स्पष्ट सांगितलंय की आई, मी एक पेटी ठेवीन, दुसरी नाही. तिचं काही चुकत नाही. तुम्ही ‘रद्दी’ हा शब्द शापासारखा वापरलात, मला त्याची भीती वाटत नाही. नवी पेठेतल्या एका बोळातला रद्दीवाला आम्हाला किलोच्या भावानं पुस्तकं द्यायचा, त्यातूनच माझं कॉलेज झालं. पुस्तक रद्दीत गेलं म्हणजे मेलं असं नाही. लगद्यात गेलं तर मेलं. रद्दीवाल्याच्या दुकानात ते काही दिवस नुसतं पडून असतं, आणि तेवढ्यात कुणाचा तरी हात लागू शकतो. मोबाइलमधलं पुस्तक माझ्या मागं कुणाला सापडणार? पासवर्ड मलाच आठवत नाही.

तेव्हा माझं ठरलं आहे ते असं. दिवाळीआधी घराला रंग द्यायचा आहे, त्याआधी कपाट निम्मं रिकामं करणार. मुलीच्या एका पेटीत पोथी, तो कडा कापलेला खंड आणि भावाच्या जन्माचं पंचांग जाईल. कवितांची पुस्तकं माझ्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयानं मागितली आहेत. रहस्यकथांचा गठ्ठा उरतो. तुमच्या वडिलांनीही केंद्रातून पुस्तकं आणली असतील तर एखाद्या पानावर त्यांची पेन्सिल सापडेलही, म्हणून आधी तुम्हाला विचारते. हवा असेल तर इथंच कळवा, मी ठेवून देते. फक्त वाचायला घेताना पहिलं पान उघडू नका, खुनी कळेल.