थांबलेला तास कोणाच्या नावावर?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यांतली कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. तेव्हापासून नाशिकला फोन लावला की हा विषय निघतोच. माझ्या नात्यातले बरेच जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आहेत आणि त्यांचं आपसांत एकमत नाही. एकाला वाटतं, बरं झालं, ओटी म्हणजे ओव्हरटाइम वाढेल, घराचा हप्ता सुटेल. दुसरा म्हणतो, आत्ताच घरी पोचेपर्यंत मुलं झोपलेली असतात, आता तर उठायच्या आत निघावं लागेल. दोघांचंही खरं आहे. पण सगळी चर्चा बारा या आकड्याभोवतीच फिरते. त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट आहे: तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर जाणार आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी लागणार. माझ्या मते सगळा प्रश्न या संमतीपाशी येऊन थांबतो. बारा तास कोण ठरवणार, आणि जादा थांबलेला तास शेवटी कोणाच्या नावावर राहणार?

हे मी लिहितेय, कारण माझं रोजचं काम अगदी वेगळ्या हिशेबाने चालतं. मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी करते. इथे सरकारी नोकरांसाठी लवचिक वेळेची पद्धत आहे. १९७८ साली ती प्रयोग म्हणून सुरू झाली आणि १९८२ च्या कायद्याने तिला बस्तान मिळालं. पगाराचा हिशेब दोन आठवड्यांचा, म्हणजे ८० तासांचा. दिवसाचे ठरावीक तास सगळ्यांनी हजर असायचं, बाकीचे पुढेमागे करता येतात. या ८० तासांपेक्षा मी माझ्या मर्जीने जास्त थांबले, तर तो वेळ माझ्या खात्यात जमा होतो. त्याला इथे क्रेडिट अवर्स म्हणतात. पुढे कधी लवकर निघायचं असेल किंवा एखाद्या दिवशी यायचंच नसेल, तेव्हा तेच तास वापरायचे. वार्षिक रजेला हात लागत नाही.

यातल्या अटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली अट अशी, की हा तास कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला असला पाहिजे. साहेबाने “आज थांबा” असा हुकूम दिला, तर तो क्रेडिट अवर होत नाही. तो ओव्हरटाइम, आणि त्याचा हिशेब वेगळ्या नियमाने. दुसरं, पूर्णवेळ कर्मचाऱ्याला पुढच्या पगारकाळात जास्तीत जास्त २४ तासच नेता येतात. सुरुवातीला मला ही मर्यादा जाचक वाटायची. आता वाटतं, तिच्यामुळेच कोणी शेकडो तास साठवत बसत नाही आणि कोणाकडून ते साठवूनही घेता येत नाहीत. तिसरं, लवचिक वेळ सोडून दुसऱ्या पद्धतीवर गेलं किंवा नोकरीच सोडली, तर शिल्लक तासांचे पैसे त्या वेळच्या मूळ दराने मिळतात. तास बुडत नाहीत.

माझे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून, निवृत्त झाले. आता त्यांना हृदयरोगतज्ज्ञाकडे नियमित जावं लागतं. डॉक्टरांची ओपीडी संध्याकाळची असते, तेव्हा माझ्याकडे सकाळ असते, नेमकी ऑफिसला पोचायची वेळ. आई मोबाईल टेबलावर उभा करते. मी इकडून गोळ्यांची यादी वाचून दाखवते, डॉक्टर काय बदलतात ते लिहून घेते. त्या दिवशी ऑफिसला दोन तास उशिरा जाते आणि हजेरीपत्रकातल्या एका ओळीतून तेवढे तास वजा होतात. साहेबांची आगाऊ मंजुरी लागते, पण बाबांच्या आजाराचा पाढा कोणापुढे वाचावा लागत नाही. आदल्या आठवड्यात थांबून काम उरकलेलं असतं, तो वेळ माझा असतो.

म्हणून काय अमेरिकेतलं सगळं सोन्याचं आहे असं नाही, आणि हे नाशिककरांना मी आवर्जून सांगते. क्रेडिट अवर्सला जादा दर नाही, एका तासाला एकच तास. म्हणजे सरकारचा यात फायदाच आहे. शिवाय ही सोय सरकारी नोकरांची. खाजगी क्षेत्रात १९३८ चा कायदा चालतो: आठवड्याला ४० तासांनंतर दीडपट मजुरी, आणि ज्यांना तो लागू आहे त्यांना पैशांऐवजी तास साठवून देण्याची खाजगी मालकाला मुभा नाही. ती मुभा देणारं विधेयक २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, पण कायदा काही झाला नाही. कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: पैसे घ्यायचे की सुट्टी हे कागदावर कामगार ठरवणार, प्रत्यक्षात मालक, आणि सुट्टी कधी द्यायची हेही मालकच. सरकारी नोकरीत मी ही सोय उपभोगत असले, तरी संघटनांचं म्हणणं मला पटतं. प्रौढ माणसाने दिवसाला किती तास राबावं यावर १९३८ च्या त्या कायद्यात मर्यादाच नाही, आणि भरपगारी सुट्टी द्यायलाच हवी असंही केंद्राचा कायदा खाजगी मालकाला सांगत नाही.

आता आपलं बघा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, जादा कामाला दुप्पट मजुरी होती, वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी केंद्राच्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही दुप्पट दर राहिला, कामगाराच्या संमतीशिवाय ओव्हरटाइम नको हे राहिलं आणि रजेसाठी लागणारे दिवस २४० वरून १८० वर आले. म्हणजे कागदावर सातपूरचा कामगार अमेरिकेतल्या कारखान्यातल्या कामगाराच्या पुढेच आहे. मग घोडं अडतं कुठे?

माझा मावसभाऊ अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागला. पहिल्या दिवशी पीएफचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, ओळखपत्राचा फॉर्म असा गठ्ठा पुढे आला आणि त्यातच एक ओळ होती, ‘गरजेनुसार जादा वेळ थांबण्यास माझी संमती आहे.’ त्याने सही केली. मी विचारलं, वाचलं होतंस का? म्हणाला, “वाचलं ना ताई, पण सही न करून जाणार कुठे?” एवढ्यावर वर्षभराची संमती झाली. रोजची गोष्ट अशी, की शिफ्ट सुटायच्या तासभर आधी सुपरवायझर वही घेऊन लाइनवर येतो आणि नावं घेतो. नाही म्हणायचं तर सगळ्यांदेखत. कंपनीची बस थांबणाऱ्यांना घेऊनच सुटते, त्यामुळे नाही म्हणणाऱ्याने सिडको वसाहतीपर्यंत रिक्षा शोधायची. आणि ठेकेदाराच्या पोराने दोनदा नाही म्हटलं, की पुढच्या आठवड्यात त्याला गेटवरूनच परत पाठवतात.

सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं की बदली मिळणारा सी-ऑफ हा आपल्याकडचा तासांचा गल्ला. तो लिहिलेला असतो सुपरवायझरच्या डायरीत. भावाने बहिणीच्या साखरपुड्यासाठी मागितला, तर उत्तर मिळालं, डिस्पॅच आहे, नंतर बघू. पुढे ऑर्डर घटली तेव्हा त्याला आदल्या रात्री फोन आला, उद्या येऊ नको, तुझा सी-ऑफ लावतो. तास जमा केले त्याने, काढले कंपनीने, तेही तिच्या सोयीच्या दिवशी. जर्मनीतही मंदीच्या काळात, २००८-०९ मध्ये, कंपन्यांनी कामगारांच्या खात्यांत साठलेले तास असेच खर्च करायला लावले होते. पण तिथे संघटनांशी आणि कामगारांच्या प्रतिनिधींशी लेखी करार होते, आणि त्या बदल्यात माणसं कामावर टिकली. भावाला तसलं काही कोणी लिहून दिलेलं नाही.

बाबांचा काळ आठवतो तो याचसाठी. प्रेसमध्ये ओटी भरपूर असायचा. आमच्या जेलरोडच्या घराचा स्लॅब ओटीच्या पैशांतून पडला, हे आई अजून सांगते. पण बाबा पर्मनंट होते आणि मागे युनियन होती. ‘आज जमणार नाही’ म्हटलं तरी नोकरी शाबूत राहायची, आणि केलेला प्रत्येक तास पगाराच्या चिठ्ठीवर छापलेला असायचा. त्यांची संमती खरी होती, कारण नकार देऊनही त्यांचं काही बिघडत नव्हतं.

आठवड्याला ७० तास काम करा हे एका उद्योगपतींनी २०२३ मध्ये सांगितलं, ९० तासांची गोष्ट २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्यांनी काढली. त्यावर देशभर गदारोळ झाला. माझा आक्षेप कष्टांना नाही, नाशिकच्या माणसाला कष्ट शिकवायला नकोत. पण हे जादा तास कुठे मांडले जाणार आणि त्यांचं मोल कोण चुकवणार, हे कोणीच सांगितलं नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. संमती नोकरीवर लागताना एकदाच न घेता दर महिन्याला घ्यावी आणि ती मागे घेता यावी. जादा तास आणि सी-ऑफची शिल्लक दर महिन्याच्या पगारचिठ्ठीवर यावी. नकार देणाऱ्यालाही नेहमीच्या वेळेची बस मिळावी. कार्यालयांत, बँकांत, महापालिकेत, जिथे माणूस पर्मनंट आहे आणि पगार पोटापुरता आहे, तिथे मेरीलँडसारखी तासांची बँक जरूर करून बघावी, २४ तासांची मर्यादा ठेवून.

पण ठेकेदाराकडच्या कामगाराला ती देऊ नये. ठेकेदार बदलला की कार्ड बदलतं, कार्ड बदललं की मागची शिल्लक कोणी ओळखत नाही. मशीन तेच, लाइन तीच, माणूसही तोच, तरी नोकरी नवी धरतात. अशा माणसाचा तास साठवून ठेवणं म्हणजे तो बुडवणं. त्याला दुप्पट दराने रोख पैसे हवेत, त्याच महिन्याच्या पगारात.