‘ट्रिपल सेव्हन मारा’: एका फॉरवर्डची झाडाझडती

ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. घोडबंदर रोडच्या आमच्या ग्रुपवर तो आला, नेरूळच्या मावशीने पाठवला, आणि ज्या छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटरं मी सांभाळते त्यांतल्या काहींनीही ‘ताई, हे करू का?’ म्हणून विचारलं. मजकूर थोडक्यात असा:

‘नवीन लॅपटॉपवर अकाउंट हलवलं आणि फाइली उघडत नाहीत? कॉम्प्युटरवाल्याला पैसे देऊ नका. फाइली करप्ट झाल्यात, पुन्हा कॉपी करा. युजरनेम आणि पासवर्ड जुनाच ठेवा, परमिशन आपोआप जुळते. तरी नाही जमलं तर टर्मिनलमध्ये सुडो सीएचमॉड -आर ७७७ मारा. विंडोजवाल्यांनी सी ड्राइव्हला एव्हरीवन, फुल कंट्रोल द्यावं. मॅक असेल तर डिस्क युटिलिटीत रिपेअर परमिशन्स दाबा. यापुढे कायम ॲडमिननेच लॉगिन करा. काम झालं की जुना लॅपटॉप लगेच फॉरमॅट करून विकून टाका. जनहितार्थ.’

कॉम्प्युटरवाल्याला पैसे देऊ नका, हे मी मनावर घेत नाही. बाकीचं मात्र एकेक करून बघायला हवं, कारण यातल्या दोन सल्ल्यांनी चालतं मशीन बंद पडू शकतं आणि एकाने फाइली कायमच्या जाऊ शकतात.

‘फाइली करप्ट झाल्यात.’

बहुतेकदा नाही. करप्ट फाइल उघडायचा प्रयत्न होतो आणि मग प्रोग्रॅम कुरकुरतो: फॉरमॅट ओळखता येत नाही, फाइल खराब आहे वगैरे. परवानगीचा घोळ असेल तर सिस्टिम दारातच अडवते. मॅकवर फोल्डरच्या चित्रावर लाल गोलात आडवी रेघ दिसते, विंडोज ‘या फोल्डरला हात लावायची परवानगी तुम्हाला नाही’ असं सरळ सांगतं. आत काय आहे हे अजून कोणी पाहिलेलंच नसतं.

पुन्हा कॉपी केल्यावर प्रश्न सुटल्याचं सांगणारे लोक भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट किंवा फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि या दोन्हींत मालकाची नोंद ठेवायची सोयच नाही. त्यावरून फाइली आणल्या की कॉपी करणाराच त्यांचा मालक होतो. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. तीच कॉपी पहिल्याच मार्गाने पुन्हा केली, तर अडचणही पुन्हा तीच.

‘नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा.’

सगळा गोंधळ इथे सुरू होतो, म्हणून इथे जरा थांबते. आपल्याला वाटतं की कॉम्प्युटर आपल्याला नावाने ओळखतो. तसं नाही. मॅक आणि लिनक्समध्ये प्रत्येक खात्याला एक क्रमांक असतो आणि फाइलवर मालक म्हणून तो क्रमांकच लिहिलेला असतो. मॅकवर पहिलं खातं ५०१, दुसरं ५०२. उबुंटूसारख्या लिनक्सवर पहिलं १०००, पुढचं १००१. स्क्रीनवर दिसणारं नाव हे त्या क्रमांकावरून शोधून दाखवलेलं असतं, इतकंच. पासवर्डाचा तर या नोंदीशी काडीचाही संबंध नाही.

वाशीतल्या एका फोटोग्राफर ताईंचं उदाहरण घ्या. नवीन मॅक घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने चालू करून दाखवायला ‘टेस्ट’ नावाचं खातं उघडलं. मग ताईंनी स्वतःचं उघडलं, जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड. त्याच मुलाने टाइम मशीनच्या, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या, बॅकअपमधून त्यांचे सगळे फोल्डर आणून ठेवले, तेही टर्मिनल वापरून (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि सुडो लावून (म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचे अधिकार घेऊन). घरी येऊन बघतात तर लग्नांचे फोटो असलेला पिक्चर्स फोल्डर उघडेना. टर्मिनलमध्ये एलएस -एलएन ही फोल्डरांची माहिती दाखवणारी आज्ञा दिल्यावर त्या फोल्डरच्या ओळीत सुरुवातीला डीआरडब्ल्यूएक्स, पुढे सहा डॅश (म्हणजे मालकाला सगळी मुभा, बाकी कोणालाच नाही), एक अधिकचं चिन्ह आणि मग मालकाचा क्रमांक ५०१, त्याच्या ग्रुपचा, म्हणजे खात्यांच्या गटाचा, २०. आयडी -यू या आज्ञेने ताईंच्या खात्याचा क्रमांक विचारला तर उत्तर ५०२. जुन्या मशीनवर ताई ५०१ होत्या. नवीनवर ५०१ म्हणजे ‘टेस्ट’. हजारो फोटोंचा मालक तो दुकानातला खेळातला युजर होऊन बसला होता, आणि नाव-पासवर्ड तंतोतंत तेच असून ताई त्रयस्थ.

विंडोजमध्ये हा क्रमांक लांबलचक असतो. त्याला एसआयडी म्हणतात, तो एस-१-५-२१ असा सुरू होतो आणि त्यात त्या मशीनची स्वतःची ओळखही गुंफलेली असते. त्यामुळे दोन लॅपटॉपांवर एकाच नावाची खाती उघडली तरी एसआयडी वेगळेच निघतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवर ‘अननोन अकाउंट’ आणि पुढे आकड्यांची माळ दिसली, तर ते म्हणजे जुन्या मशीनवरचे तुम्हीच.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. मालक बदलायची आज्ञा सीएचओन. मॅकवर सुडो सीएचओन -आर (-आर म्हणजे आतल्या सगळ्यासकट), मग आपलं खात्याचं नाव, कोलन, स्टाफ हा ग्रुप, आणि शेवटी तो अडकलेला फोल्डर. लिनक्सवर स्टाफच्या जागी आपला ग्रुप. फोल्डरचा पत्ता हाताने टाइप करू नका, फोल्डर ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा म्हणजे पत्ता आपोआप उमटतो. पत्त्यातल्या पहिल्या तिरक्या रेघेनंतर चुकून एक स्पेस पडली, तर आज्ञा तुमच्या फोल्डरऐवजी अख्ख्या डिस्कवर चालत सुटते. विंडोजवर त्याच फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीत ओनर बदलायचा, खालची ‘सबकंटेनर्सचाही मालक बदला’ ही खूण करायची. मग आयकॅक्ल्स या आज्ञेला तो फोल्डर देऊन पुढे रीसेट आणि टी हे पर्याय लावायचे, म्हणजे आतल्या सगळ्यांना वरच्या फोल्डरचे नियम लागू होतात. ताईंचं काम चहा निवायच्या आत झालं.

‘सुडो सीएचमॉड -आर ७७७ मारा.’

आता मुख्य आरोपी. सीएचमॉड ही परवानग्या बदलायची आज्ञा. सात म्हणजे वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक यांची बेरीज. पहिला सात मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा मशीनवरच्या उरलेल्या सगळ्यांचा. म्हणजे ७७७ मारल्यावर मालक बदलत नाही, तो आहे तोच राहतो. फक्त सगळ्यांना सगळं करायची मुभा मिळते. सातबाऱ्यावर जुन्याच माणसाचं नाव तसंच ठेवून शेताचं कुंपण उपटून टाकण्यातला हा प्रकार आहे. फाइल उघडते हे खरं. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे.

किंमत नंतर कळते. घरात एकच मशीन असेल आणि मुलाचं गेम खेळायचं वेगळं खातं असेल, तर आता त्या खात्यातला कुठलाही प्रोग्रॅम तुमचे रिटर्नचे कागद वाचू शकतो, बदलू शकतो आणि उडवूही शकतो.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत घरून काम करणाऱ्यांना दणका लगेच बसतो. एसएसएच, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर लांबून शिरायचा प्रोग्रॅम, त्याची किल्ली होम फोल्डरमध्येच (आपल्या खात्याच्या मुख्य फोल्डरात), एका लपलेल्या फोल्डरात असते. ती इतरांना वाचता येतेय असं दिसलं की एसएसएच ती वापरायलाच नकार देतं आणि ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ असा मोठ्या अक्षरांत फलक लावतं. किल्लीला ६०० आणि तिच्या फोल्डरला ७०० हवं, म्हणजे मालकाशिवाय कोणालाच मुभा नाही. सोमवारी सकाळी नऊला ‘ताई, व्हीपीएन लागतंय पण सर्व्हर घेत नाही’ असा फोन आला, की शनिवारी काय केलं हे मी आधी विचारते. प्रोग्रॅमरांना आणखी एक गंमत दिसते: गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल टिपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अक्षरही न बदललेल्या शेकडो फाइली बदललेल्या म्हणून यादीत येतात, कारण ७७७ ने प्रत्येक फाइलला ‘चालवता येणारी’ करून टाकलं आणि गिट तेवढी खूण बरोबर टिपतं.

आणि काही उत्साही मंडळी होम फोल्डर सोडून थेट मुळावर, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेवर, ही आज्ञा चालवतात. लिनक्सवर मग सुडोच्या स्वतःच्या फाइलवरची खास परवानगी पुसली जाते आणि सुडो चालायचं थांबतं. ज्या हत्याराने बिघडवलं तेच हत्यार दुरुस्तीला उरत नाही. पुढे पेनड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणारी) सिस्टिम चालू करा, नाहीतर नव्याने इन्स्टॉल करा. मॅकवर सिस्टिमच्या फाइली मुळातच कुलूपबंद असल्याने तिथे इतकं होत नाही, बाकीचं सगळं होतं.

सीएचमॉडला अनडू नाही. आधी कुठल्या फाइलवर काय होतं याची नोंद कुठेही राहत नाही. ज्यांनी आधीच मारून ठेवलंय, त्यांनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा साध्या फोल्डरांपुरतं फाइंड ही शोधायची आज्ञा वापरून फोल्डरांना ७०० आणि फाइलींना ६०० द्यावं. मॅकच्या लायब्ररी फोल्डरवर किंवा जिथे स्क्रिप्ट, प्रोग्रॅम आहेत तिथे असं घाऊक करू नका. तिथली प्रत्येक फाइल बघून ठरवावी लागते, आणि ते किचकट आहे.

सी ड्राइव्हला एव्हरीवन, फुल कंट्रोल ही विंडोजमधली याचीच जुळी बहीण. अडचण एका फोल्डरची आणि मोकळीक विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स सगळ्यांना: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एखादा व्हायरस साध्या खात्यात घुसला तर एरवी तो तिथेच अडकतो. या सेटिंगनंतर तो जास्त अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या जागी स्वतःची फाइल ठेवू शकतो.

‘डिस्क युटिलिटीत रिपेअर परमिशन्स दाबा.’

ते बटण २०१५ मध्ये मॅकच्या एल कॅपिटन या आवृत्तीबरोबर गेलं. होतं तेव्हाही ते ॲपलच्या सिस्टिम फाइली इन्स्टॉलरच्या यादीशी ताडून बघायचं. तुमच्या फोटोंना त्याने कधी हात लावला नाही.

त्याऐवजी मॅकवाल्यांनी दुसरी एक गोष्ट तपासावी. टर्मिनलमध्ये येणारी त्रुटी नीट वाचा. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर वर सांगितलेला मालकीचा प्रश्न. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असेल तर बऱ्याचदा भानगड वेगळी असते. २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून मॅकवर प्रोग्रॅमांवरही पहारा आहे, २०१९ च्या कॅटलिनापासून तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सपर्यंत पोहोचला. फाइल तुमची असली तरी टर्मिनलला किंवा बॅकअपच्या ॲपला ती बघायची परवानगी वेगळी लागते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत फुल डिस्क ॲक्सेसमध्ये जाऊन त्या ॲपचं बटण चालू करायचं. इथे सीएचमॉड, सीएचओन दोन्ही निरुपयोगी, कितीही वेळा मारा. आणि ताईंच्या फोल्डरच्या ओळीतलं ते अधिकचं चिन्ह आठवत असेल, तर ते एसीएल नावाच्या जादा नियमांचं. एलएस -एलई दिलं की ते वाचता येतात. ‘एव्हरीवन, डिनाय डिलीट’ एवढाच नियम दिसला तर तो ॲपलनेच ठेवलेला आहे, पिक्चर्ससारखा फोल्डर चुकून उडू नये म्हणून. त्याला हात लावू नका.

‘कायम ॲडमिननेच लॉगिन करा.’

ॲडमिन म्हणजे मालक नव्हे. मॅकवर ॲडमिनला सुडो वापरून रूटचे, म्हणजे त्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार मागता येतात, हा मुख्य फरक. न मागता दुसऱ्याचा फोल्डर त्यालाही उघडत नाही. विंडोजमध्येही व्हिस्टा आवृत्तीपासून ॲडमिनचे प्रोग्रॅम आधी साध्याच अधिकारांनी चालतात आणि गरज पडली की स्क्रीन काळवंडून विचारणा होते. उलट ऊठसूट सुडो लावायची सवय नवीन घोळ घालते: सुडोने उघडलेल्या प्रोग्रॅमने तुमच्या होममध्ये बनवलेली फाइल शून्य क्रमांकाच्या, म्हणजे रूटच्या, मालकीची होते आणि दुसऱ्या दिवशी ती तुम्हालाच जतन करता येत नाही. सुडो लावून एनपीएम (जावास्क्रिप्टचे तयार भाग बसवणारा प्रोग्रॅम) चालवणाऱ्या मुलांच्या कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अशा फाइली हमखास सापडतात.

‘जुना लॅपटॉप लगेच फॉरमॅट करा.’

हे सगळ्यांत शेवटी लिहिलंय आणि सगळ्यांत महागात पडू शकतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत फाइली ईएफएसने (एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टिम) एन्क्रिप्ट करायची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करायची, सोय असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर कोणीतरी कधीतरी ती खूण केलेली असते आणि विसरलेली असते. अशा फाइलीच्या चित्रावर छोटं कुलूप दिसतं, जुन्या विंडोजमध्ये नाव हिरवं दिसायचं. तिची मालकी घ्या, फुल कंट्रोल द्या, ती उघडणार नाही, कारण तिची किल्ली जुन्या मशीनवरच्या जुन्या खात्याच्या सर्टिफिकेटात आहे. जुनी डिस्क पुसली आणि सर्टिफिकेटची प्रत कुठे नसली, तर तुमच्यासाठी, माझ्यासाठी आणि डेटा रिकव्हरीवाल्यासाठीही ती फाइल संपल्यातच जमा.

म्हणून विकण्याआधी जुन्या लॅपटॉपवर जुन्याच खात्यात जा. रनमध्ये सर्टएमजीआर डॉट एमएससी टाका, पर्सनलखाली सर्टिफिकेट्स उघडा, उद्देशाच्या रकान्यात ‘एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टिम’ लिहिलेलं सापडलं तर प्रायव्हेट कीसकट पीएफएक्स फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा, तिला पासवर्ड लावा आणि नवीन मशीनवर डबल क्लिक करून बसवा. त्या खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर दुसऱ्या ॲडमिनकडून रीसेट करून घेऊ नका. तसं केल्यावर ती किल्ली हाताला लागेलच असं नाही. आधी पासवर्डाची चिठ्ठी शोधा.